वाळकं पान आणि हिरवा पाला: झाडं जमिनीला नेमकं काय परत देतात

प्रश्न थोडक्यात असा: शेतात आणि बांधावर मिळून बरीच झाडं आहेत, दरवर्षी पानगळ भरपूर होते. पाचोळा म्हणजे फुकटचं खत असं सगळे सांगतात, म्हणून या वेळी पेरणीच्या आठवडाभर आधी तो गोळा करून नांगरटीत गाडला. पीक जोर धरेल असं वाटलं होतं, पण उगवल्यावर ते पिवळं पडलं आणि जागच्या जागी थांबलं. मग पाचोळ्यातून जमिनीला खरंच काही मिळतं का, मिळत असेल तर किती, आणि त्याच्या भरवशावर रासायनिक खत किती कमी करता येईल?

झाडाखालच्या मातीत काम करताना माझी बरीच वर्षं गेली आणि हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत शेकडो वेळा विचारला गेला. गोंधळ जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी होतो. झाडावरून आपसूक गळलेलं वाळकं पान आणि आपण छाटून घेतलेला हिरवा पाला ही दोन वेगळी खतं आहेत. त्यांच्यातली अन्नद्रव्यं वेगळी, कुजण्याचा वेग वेगळा, वापरायची वेळ आणि पद्धतही वेगळी. आपण दोन्हींना पालाच म्हणतो आणि दोन्ही सारख्याच रीतीने मातीत घालतो. तुमचं पीक पिवळं पडलं ते यामुळेच.

आधी पान गळतं कसं ते पाहू. झाड पान टाकून देण्याआधी ते रिकामं करून घेतं. पान म्हातारं व्हायला लागलं की त्यातली प्रथिनं आणि हरितद्रव्याची यंत्रणा मोडली जाते, त्यातलं नत्र (नायट्रोजन) साध्या रूपात देठातून फांदीत परत ओढलं जातं आणि पुढच्या पालवीसाठी साठवलं जातं. स्फुरदाचंही (फॉस्फरस) तसंच. ही परत ओढण्याची मात्रा झाडागणिक बदलते, पण बहुतेक झाडं साधारण निम्मं नत्र आणि निम्मं स्फुरद काढून घेतात. पालाशही (पोटॅशियम) काही प्रमाणात मागे जातो. पानाचा हिरवा रंग जाऊन पिवळा दिसू लागतो तो याच काळात.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर पानगळीच्या दिवसांत एकाच फांदीवरचं एक हिरवं आणि एक पूर्ण पिवळं पान धरा. हिरवं ओढलं तर साल थोडी सोलून निघते, फाटल्याचा आवाज येतो. पिवळं नुसत्या बोटाच्या स्पर्शाने हातात येतं आणि देठाच्या टोकाशी गुळगुळीत, कोरडी खूण दिसते. तिथे झाडाने बुचासारखा थर बांधून दार आधीच बंद केलेलं असतं. ही दोन पानं प्रयोगशाळेत दिली तर हिरव्यात जिथे दोन टक्के नत्र दिसतं तिथे पिवळ्यात एक टक्क्याच्या आसपास उरलेलं दिसतं. आपण जे गोळा करतो ते हे दुसरं पान.

एक गोष्ट मात्र झाडाला परत नेता येत नाही: कॅल्शियम. ते पेशींच्या भिंतींत पक्कं बसलेलं असतं आणि पानातून मागे वाहून नेणाऱ्या नळ्यांत ते जवळजवळ सरकतच नाही. त्यामुळे पान जितकं जुनं, तितकं त्यात कॅल्शियम जास्त. गळलेल्या पानात ते हिरव्यापेक्षाही अधिक भरतं. पाचोळ्याची खरी ताकद शोधायची तर ती कॅल्शियम, पालाश आणि कर्बात (कार्बन) शोधावी. नत्रात शोधायला गेलात तर निराशा होते. अपवाद एकच सांगतो: सुबाभूळ, गिरिपुष्प, शिरीष अशी हवेतलं नत्र स्थिर करणारी झाडं नत्राच्या बाबतीत उदार असतात. त्यांना ते मुळांवरच्या गाठींतून मिळत राहतं, म्हणून ती पान रिकामं करायची तेवढी घाई करत नाहीत आणि त्यांच्या गळलेल्या पानातही बऱ्यापैकी नत्र शिल्लक राहतं.

आता हिशोब मांडू, कारण हिशोबाशिवाय ही चर्चा हवेत राहते. समजा एका हेक्टरवर वर्षाला २ टन वाळका पाचोळा पडतो. झाडं विरळ असतील तर याहून कमी पडेल, दाट असतील तर जास्त. त्यात नत्र १ टक्का धरा, स्फुरद ०.०६ टक्के, पालाश ०.५ टक्के आणि कॅल्शियम १.५ टक्के. म्हणजे नत्र २० किलो, स्फुरद जेमतेम सव्वा किलो, पालाश १० किलो, कॅल्शियम ३० किलो. हे आकडे शुद्ध मूलद्रव्याचे आहेत. खताच्या गोणीवर स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात छापलेले असतात, त्यामुळे तुलना करताना स्फुरदाला २.२९ ने आणि पालाशला १.२ ने गुणा.

त्याच शेतातून ३ टन मका घरी आला तर दाण्यांतून साधारण ४५ किलो नत्र, ८ ते ९ किलो स्फुरद आणि १० ते १२ किलो पालाश शेताबाहेर जातो. म्हणजे पाचोळा पालाशाची तूट बहुतेक भरून काढतो, नत्राची निम्म्याच्या आत, आणि स्फुरदाची जवळजवळ नाहीच. हा हिशोब मी प्रत्येकाला स्वतःच्या वहीत करायला लावतो. झाडांमुळे खत लागत नाही असं म्हणणारे आणि झाडं शेत खातात असं म्हणणारे, दोघेही हा हिशोब करत नाहीत.

हिरव्या पाल्याचं गणित निराळं आहे. गिरिपुष्पाच्या कोवळ्या पाल्यात कोरड्या वजनावर ३ ते ४ टक्के नत्र असतं. ताज्या पाल्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी धरलं तरी १ टन ताज्या पाल्यातून ७ ते ८ किलो नत्र येतं. झाडाने ते परत ओढून घ्यायच्या आत आपण विळा चालवलेला असतो, एवढाच काय तो फरक. पण या एका फरकाने मातीत पुढे घडणारं सगळंच बदलतं.

तुमचं पीक का पिवळं पडलं ते आता कळेल. पाचोळा कुजवणारे जिवाणू आणि बुरशी यांना कर्बाबरोबर नत्रही लागतं. त्यांच्या शरीरात ८ भाग कर्बाला साधारण १ भाग नत्र असतं. खाल्लेल्या कर्बापैकी अंदाजे एक तृतीयांश ते अंगी लावतात, बाकीचा श्वासावाटे हवेत जातो. एक टन वाळका पाचोळा घ्या. त्यात ४५० किलो कर्ब आणि ०.८ टक्के धरलं तर ८ किलो नत्र. त्यातला १५० किलो कर्ब जिवाणूंच्या अंगी लागायचा तर त्यांना सुमारे १९ किलो नत्र हवं. पाचोळ्यात ८ आहे. उरलेलं ११ किलो ते मातीतून उचलतात, आणि तिथे त्यांच्याशी स्पर्धा करायला तुमच्या पिकाची पंधरा दिवसांची कोवळी मुळं असतात. जिवाणू मातीच्या कणाकणावर बसलेले, मुळं कुठे कुठे पोचलेली. सुरुवातीला ही स्पर्धा मुळं हरतात.

हेच गणित एक टन कोरड्या वजनाच्या गिरिपुष्पाच्या पाल्याला लावा. कर्ब तोच ४५० किलो, पण नत्र ३५ किलो. जिवाणूंनी त्यांचं १९ किलो घेतलं तरी १६ किलो मातीत मोकळं होतं. कर्ब-नत्र गुणोत्तर २४ च्या आसपास असेल तर जमाखर्च बरोबरीत सुटतो. त्याखाली माती मिळवते, ३० च्या वर गेलं की काही काळ गमावते. बहुतेक वाळक्या पाचोळ्यात हे गुणोत्तर ४० ते ८० असतं.

सगळा पाचोळा एकदम कुजत नाही, त्यामुळे ११ किलोची उसनवारीही एका आठवड्यात होत नाही. पण गाडलेला, बारीक झालेला, ओल्या उबदार मातीत मिसळलेला पाला पहिल्या चार ते सहा आठवड्यांत झपाट्याने खाल्ला जातो, आणि नेमक्या त्याच काळात पिकाला नत्राची निकड असते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका प्लॉटवर हीच चूक केली होती. खालची पानं आधी पिवळी पडली, टोकाकडून शिरेच्या दिशेने. नत्र कमी पडल्याची ती ओळखीची खूण. सातव्या आठवड्यानंतर पीक आपोआप सावरायला लागलं, कारण पहिली जिवाणूंची फौज मरून तिच्या अंगातलं नत्र परत मातीत यायला लागलं होतं. पण तोवर फुटवे फुटायची वेळ निघून गेली होती.

हाच पाचोळा गाडण्याऐवजी वर अंथरला असता तर? मातीला टेकलेला फक्त खालचा एक पदर कुजायला लागला असता आणि नत्राची ओढाताण वरच्या बोटभर मातीतच राहिली असती. मुळं त्याखालून निर्वेध वाढली असती. म्हणून वाळका पाचोळा वर आणि हिरवा कोवळा पाला आत, हा माझा साधा नियम आहे. हिरवा पाला उघड्यावर वाळत पडला तर त्यातलं थोडं नत्र अमोनिया होऊन उडून जातं, आणि मोकळं होणारं नत्रही हळू मिळतं. छाटल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वखराने तो हलकासा मातीआड केला की पुरे. खोल गाडायची गरज नाही.

आता जरा झाडाखाली बसू. ज्याच्याखाली कित्येक वर्षं कोणी झाडलेलं नाही असं एखादं जुनं झाड शोधा आणि पाऊस पडून गेल्यावर तिथला पाचोळा हाताने एकेक थर उचला. वर अख्खी, कडक, वाजणारी पानं. त्याखाली मऊ पडलेली, एकमेकांना चिकटलेली पानं. ती सुटी करताना मधे पांढरे बारीक धागे ताणले जातात. ती बुरशी. याच धाग्यांतून बुरशी खालच्या मातीतलं नत्र वर पानात आणते, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे कुजत्या पानातलं नत्र कमी होण्याऐवजी वाढतं. तिसऱ्या थरात पानांची जाळी झालेली असते. मधला मऊ भाग खाल्लेला, शिरा तेवढ्या उरलेल्या. इथे वाणी, पांढरे उड्या मारणारे किडे आणि भिंगाशिवाय न दिसणारे कोळीवर्गातले जीव असतात. ते पान फार पचवत नाहीत, कुरतडून भुगा करतात, आणि त्या भुग्यावर जिवाणूंना बसायला जागा कित्येक पटींनी वाढते. त्याखाली पान असं काही उरतच नाही. काळे मऊ दाणे, गांडुळाच्या विष्ठेच्या गोळ्या आणि त्यांत घुसलेली केसासारखी मुळं. ती मुळं झाडाचीच असतात. गळलेलं पान पुरतं मातीत मिसळायच्या आत झाड ते परत मागून घेतं, हे तिथे दिसतं.

ही सगळी अन्नद्रव्यं एकाच वेळी सुटत नाहीत. पहिला जातो पालाश. तो पानाच्या कुठल्याही भागात बांधलेला नसतो, पेशींतल्या पाण्यात विरघळलेला असतो, त्यामुळे कुजायची वाटही पाहत नाही. बादलीभर स्वच्छ पाण्यात दोन ओंजळी वाळकी पानं रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी चहासारखं होतं. तो रंग टॅनिनचा, पालाश डोळ्याला दिसत नाही. पण ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र) बुडवला तर क्षारांचा आकडा चढलेला दिसतो आणि त्यात पालाशाचा वाटा मोठा असतो. पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांत हेच शेतात होतं. चिकण जमीन हा पालाश धरून ठेवते. वाळूसर जमिनीत मात्र तो धरणारी मुळं त्या वेळी हजर नसतील तर तो खाली निघून जातो. पावसाच्या तोंडावर पाचोळा उघड्या रानात पसरण्यापेक्षा उभ्या पिकाच्या किंवा फळझाडाच्या मुळांवर असावा, तो यासाठी.

मॅग्नेशियम आणि स्फुरद त्यामागून, नत्र वर सांगितल्याप्रमाणे आधी चढून मग उतरतं, आणि कॅल्शियम सगळ्यात शेवटी, पेशीभिंती मोडल्यावर. हा उशीर वाईट नाही. कॅल्शियमयुक्त पाचोळा गांडुळांना मानवतो. पोलंडमध्ये १९७० च्या सुमारास एकाच जमिनीवर १४ जातींच्या झाडांचे वेगवेगळे तुकडे लावले होते. तीसेक वर्षांनी तपासलं तेव्हा ज्या झाडांच्या पाचोळ्यात कॅल्शियम जास्त, त्यांच्याखाली गांडुळं जास्त आणि मातीचा सामूही (pH) वरचा निघाला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाने माझी झाड निवडायची पद्धत बदलली. तोवर मी फक्त नत्राकडे पाहत होतो.

कोणता पाला किती वेगाने कुजेल हे नत्राइतकंच लिग्निन आणि पॉलिफेनॉल यांवर ठरतं. लिग्निन म्हणजे पानाला ताठपणा देणारा लाकडी भाग. तो फोडणं मोजक्या बुरशींनाच जमतं. पॉलिफेनॉल, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्यं, प्रथिनांना घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे नत्र असूनही सुटत नाही. उष्ण प्रदेशातल्या पाल्यांसाठी एक सोपी फूटपट्टी वापरली जाते: नत्र २.५ टक्क्यांहून जास्त, लिग्निन १५ टक्क्यांहून कमी आणि पॉलिफेनॉल ४ टक्क्यांहून कमी असेल तर पाला थेट मातीत घाला. नत्र भरपूर पण बाकी दोन्हींपैकी एक जास्त असेल तर चांगल्या पाल्यात किंवा थोड्या रासायनिक नत्रात मिसळून वापरा. नत्र कमी आणि लिग्निनही कमी असेल तर कंपोस्टच्या खड्ड्यात. नत्र कमी, लिग्निन जास्त असेल तर आच्छादन म्हणून वर. गिरिपुष्प पहिल्या गटात बसतं, साग आणि निलगिरीचा पाचोळा शेवटच्या.

प्रयोगशाळा जवळ नसेल तर हातही बरंच सांगतो. पान सहज फाटतं की चामड्यासारखं ताणावं लागतं, वाळल्यावर चुरडलं तर भुगा होतो की शिरांचे तुकडे उरतात, एवढं पाहा. पण मला सगळ्यात खात्रीची वाटते ती पिशवीची परीक्षा. दोन मिलिमीटर भोकाच्या नायलॉन जाळीच्या वीतभर पिशव्या शिवा, प्रत्येकीत २० ग्रॅम वाळवलेली पानं भरा आणि पाच-सहा पिशव्या मातीच्या पृष्ठभागावर खिळ्यांनी टोचून ठेवा. दर महिन्याला एक उचला, माती झटका, वाळवा, तोला. जगभरचे संशोधक १९५० च्या दशकापासून हेच करत आले आहेत. उबदार ओलसर मातीत गिरिपुष्पाचं निम्मं वजन महिन्याभरात जातं. सागाच्या पिशव्या मी सहा महिन्यांनी उचलल्या तरी त्यांत अर्ध्याच्या आसपास पान हाताला लागलं आहे. कोरड्या हंगामात दोन्ही थबकतात. ओल नसेल तर कुजणं नाही, मग पान कितीही चांगलं असो.

यापुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो महत्त्वाचा आहे. झाड जे परत देतं ते आणतं कुठून? झाडाची मुळं खोलवरून अन्नद्रव्यं वर उचलतात, ही गोष्ट खरी आहे पण अर्धीच. बहुतेक झाडांची बारीक, शोषणारी मुळं वरच्या दोन फुटांतच जास्त असतात, म्हणजे पिकाच्या मुळांच्याच थरात. त्यामुळे पाचोळ्यातून आलेल्या अन्नाचा एक वाटा तुमच्याच पिकाच्या ताटातून उचललेला असतो. नवी भर तीनच मार्गांनी पडते. पहिला, पिकाच्या मुळांच्या खाली वाहून गेलेलं नत्र झाड अडवतं. पश्चिम केनियात मक्याच्या रानात अर्धा ते दोन मीटर खोलीवर साठलेलं नायट्रेट (पाण्यात विरघळणारं नत्र) शेवरीच्या वर्गातल्या झाडांनी वर आणल्याचं १९९० च्या दशकात मोजलं गेलं आहे. दुसरा, गाठींतून हवेतलं नत्र स्थिर होणं. तिसरा, झाडाने अडवलेली धूळ, पक्ष्यांची विष्ठा, सावलीला बसणाऱ्या जनावरांचं शेणमूत. स्फुरद यांपैकी कुठल्याच मार्गाने फारसं वाढत नाही. झाड स्फुरद तयार करू शकत नाही, फक्त इकडचं तिकडे करतं. म्हणून जिथे स्फुरदाची कमतरता आहे तिथे पाला कितीही टाकला तरी ते बाहेरूनच द्यावं लागतं. सेंद्रिय शेती करणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण पाच-सात वर्षांनी माती परीक्षणाचा कागद हेच सांगतो.

पिकाशी कमीत कमी भांडणारं झाड कोणतं, असं कोणी विचारलं तर मला पहिलं आठवतं ते आफ्रिकेतलं फायडर्बिया अल्बिडा. बाभळीच्या नात्यातलं हे झाड उलट्या वेळापत्रकाने चालतं. पावसाळ्याच्या तोंडावर पानं गाळतं आणि कोरड्या हंगामात हिरवंगार होतं. पीक उभं असताना सावली जवळजवळ नाही, आणि पाला नेमका पेरणीच्या वेळी जमिनीवर. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल प्रदेशातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ते शेतात राखत आले आहेत आणि त्याच्याखालची ज्वारी-बाजरी बाहेरच्यापेक्षा जोमदार येते. आपल्या हातातली झाडं अशी वागत नाहीत, पण छाटणीची वेळ आपल्या हातात असते. पेरणीआधी एक छाटणी आणि पीक महिना-दीड महिन्याचं झाल्यावर दुसरी, यातून सावलीही हटते आणि हिरवा पालाही दोन हप्त्यांत मिळतो.

दुसरीकडचा पाचोळा गोळा करून आणायचा विचार असेल तर दोनदा विचार करा. युरोपात शेतकऱ्यांनी गोठ्यात अंथरायला आणि पुढे खत म्हणून जंगलातला पाचोळा पिढ्यान्‌पिढ्या ओरबाडून नेला. त्याचा जंगलावर काय परिणाम झाला हे एर्न्स्ट एबरमायर या जर्मनीतल्या बव्हेरियाच्या शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये मोजून दाखवलं: झाडांची वाढ खुंटली, जमीन निकस झाली. एका जागेची सुपीकता उचलून दुसऱ्या जागी नेणं म्हणजे खतनिर्मिती नव्हे. स्वतःच्या बांधावरच्या झाडाखालचा पाचोळाही मी पूर्ण उचलत नाही. निम्मा तिथेच ठेवतो.

आणि पेटवू तर अजिबात नका. पाचोळा जाळला की त्यातलं जवळजवळ सगळं नत्र आणि कर्ब, आणि बरंचसं गंधक हवेत जातं. राखेत पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बहुतांश स्फुरद उरतं, पण वारा आणि पहिला पाऊस ती राख जागेवर ठेवत नाहीत. रोगट पानांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. सफरचंदावरच्या खपल्या रोगाची बुरशी गळलेल्या पानांतच हिवाळा काढते, तसे इतरही काही फळबागांतले रोग पाचोळ्यातून पुढच्या हंगामात जातात. असा पाचोळा त्याच झाडाखाली आच्छादन म्हणून ठेवू नये. कंपोस्टच्या ढिगात तो काही दिवस ५५ अंशांच्या वर तापू द्यावा, ढीग पलटावा म्हणजे बाहेरचा पालाही तापेल. सफरचंदाच्या बागांत पानगळीच्या सुमारास ५ टक्के युरियाची फवारणी करतात ती याच तर्काने: पानाला नत्र दिलं की ते लवकर कुजतं, आणि बुरशीचं घरच राहत नाही.

निलगिरीच्या पाचोळ्याबद्दल हमखास विचारलं जातं. त्यातली तेलं आणि फिनॉल कोवळ्या रोपांची उगवण दाबतात हे खरं आहे. पण ही द्रव्यं पाण्यात धुतली जातात आणि जिवाणू ती खाऊनही टाकतात. काही आठवडे पावसात भिजलेला किंवा कंपोस्ट केलेला पाला मोठ्या झाडांभोवती वापरायला माझी हरकत नाही. बियाणं पेरायच्या जागी ताजा टाकू नका.

पानांच्या नादात मुळं विसरू नका. झाडाची बारीक मुळं सतत मरतात आणि नवी येतात. ही जमिनीखालची गळती पुष्कळदा पानगळीच्या बरोबरीची असते. ती आधीच मातीत असते, तिच्यात लिग्निन जास्त असतं, आणि जमिनीत दीर्घकाळ टिकणाऱ्या सेंद्रिय कर्बाचा मोठा भाग तिच्यातूनच येतो. झाड छाटलं की काही बारीक मुळंही मरतात, हा हिरव्या पाल्याच्या छाटणीचा न दिसणारा हप्ता.

तर खत किती कमी करायचं? वाळक्या पाचोळ्याचं नत्र पहिल्या हंगामात शून्य धरा. हिरव्या पाल्यातलं सगळं नत्रही लगेच पिकाच्या हाती येत नाही. प्रयोगांत पहिल्या पिकाने त्यातलं साधारण १० ते २० टक्केच उचललेलं दिसतं, बाकी मातीच्या सेंद्रिय भागात मुरतं आणि पुढची वर्षं थोडं थोडं सुटतं. म्हणजे ५ टन ताज्या गिरिपुष्पातून ३५ ते ४० किलो नत्र मातीत गेलं तर पहिल्या वर्षी नत्राची मात्रा ५ ते ८ किलोंनीच कमी करा. दरवर्षी पाला घालत राहिलात तर चौथ्या-पाचव्या वर्षी मागचं मुरलेलं सुटायला लागतं आणि कपात वाढवता येते, पण ती माती परीक्षण पाहून. पालाशाचं मात्र मी पहिल्या वर्षापासून जवळजवळ पूर्ण जमेस धरतो. स्फुरदात कपात करत नाही.

या हंगामात उभ्या पिकाला हेक्टरी २० ते २५ किलो नत्र विभागून, ओलीवर, मुळांच्या बाजूने द्या. ते वाया जाणार नाही. जिवाणूंनी उचललेलं नत्रही शेतातच आहे आणि हंगामाच्या उत्तरार्धात सुटू लागेल, त्यामुळे शेवटचा हप्ता देण्याआधी नव्या पानांचा रंग पाहा, हिरवा आला असेल तर तो हप्ता टाळा. पुढच्या पानगळीचा पाचोळा फळझाडांखाली आणि पिकाच्या ओळींमधे वरच अंथरा, चार बोटांपेक्षा जाड नको, आणि झाडाच्या बुंध्यापासून वीतभर मोकळं ठेवा, नाहीतर साल ओलीने कुजते. त्यावर शेणकाला शिंपडलात तर कुजायला नत्र मिळेल. जिथे पाला गाडला आहे त्या भागाची आणि शेजारच्या न गाडलेल्या पट्ट्याची माती या वर्षी वेगळी तपासून ठेवा. तीन वर्षांनी त्याच दोन जागांचे नमुने, त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून घ्या.